आधी मॅनेजरचा फोटो

कॅमेऱ्याचं खोकं दवाखान्यात आलं त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. भूक लागली नाही असं नाही, आठवणच राहिली नाही. पेनापेक्षा जरा जाड असा तो कॅमेरा, टोकाला मुगाच्या दाण्याएवढी काच, आणि सोबत एक टॅबलेट. तोंडात कॅमेरा फिरवला की आतलं सगळं पडद्यावर दिसायचं आणि मशीन आपल्या अकलेने दातांभोवती, गालाच्या आतल्या कातडीभोवती चौकटी काढायचं. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आजच डॉक्टरला दाखवा. मी त्या दिवशी एका प्लास्टिकच्या कवळीचे अकरा फोटो काढले. अकराही वेळा हिरवी चौकट आली आणि अकराही वेळा मी खूश झालो.

चंद्रपुरातल्या या दातांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे कोण, तर ज्याच्यावर सगळ्यांना ओरडता येतं तो. ऊर्जानगरच्या वीज केंद्रातला माणूस रात्रपाळी करून बाइकवर येतो आणि माझा नंबर काऊन गेला म्हणून ओरडतो. डॉक्टर मॅडम फाइल सापडत नाही म्हणून ओरडतात. भामरागडहून पहाटे निघून दुपारी पोचलेली म्हातारी मात्र ओरडत नाही, नुसती घड्याळाकडे बघते, कारण तिची परतीची बस ठरलेली असते. त्या बघण्याची मला सगळ्यात जास्त भीती. असल्या नोकरीत एखादं यंत्र मदतीला येतंय म्हटल्यावर मी नाचणार नाही तर काय करणार? शिवाय यंत्रांचं वेड माझ्या रक्तातच आहे. अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाचं झाकण उघडायचे आणि म्हणायचे, आत बघितल्याशिवाय बाहेरून बोलायचं नाही.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाहीच. मी खर्रा खात होतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटघोट घोटायचा आणि चिमूट गालात धरायची. दवाखान्याच्या भिंतीवर "खर्रा सोडा, तोंड वाचवा" असा कागद मीच चिकटवला होता. तो नीट सरळ चिकटला की नाही हे बघून मी मागच्या गल्लीतल्या पानठेल्यावर गेलो होतो. खर्ऱ्याची पुडी स्कूटरच्या डिक्कीत आणि लवंगा शर्टाच्या खिशात, अशी माझी व्यवस्था होती.

आणि दोन वर्षांपासून माझं तोंड नीट उघडत नव्हतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात, हे मी रोज पेशंटला सांगायचो. माझी दोन मावायची. पाणीपुरी अख्खी जात नाही म्हणून मी पाणीपुरी आवडत नाही असं म्हणायला लागलो. तिखट लागलं की गालाला आग व्हायची, म्हणून घरी ॲसिडिटीचं नाव सांगितलं. ईदच्या दिवशी सगळे मटणावर तुटून पडायचे आणि मी शीरखुर्म्याच्या तीन वाट्या खायचो. डाव्या गालात आतून जिभेला काहीतरी खरखरीत लागायचं. बावीस वर्षं मी ज्यांची तोंडं बघत होतो त्यात याचा शेवट काय होतो ते दोनदा पाहिलं होतं. म्हणून मी आरशासमोर तोंड उघडणं बंद केलं.

कॅमेरा यायच्या आधी तो बनवणाऱ्या कंपनीने एका हॉटेलात आम्हा मॅनेजर लोकांची बैठक घेतली होती. पुण्याहून आलेल्या शिकवणाऱ्या बाई फार गोड बोलत होत्या. आमचे लोक मात्र गोड बोलण्याने हलणारे नव्हेत. गडचिरोलीचा एक जण उठला. "पावसात आमच्याकडची लाइट जाते, नेट जाते, रस्ताबी जाते. तुमची मशीन तवा कुठी जाईन?" वरोऱ्याचा एक जण म्हणाला, "सगळं मशीनच करन त आपुन का गेटवर बसाचं?" त्यावर बल्लारपूरच्या एक वयस्क मॅनेजरबाई खुर्चीतूनच बोलल्या, "मी त मशीन घेतोच बाप्पा. दर उन्हाळ्यात नवी पोरगी शिकवा लागते अन् लग्न होऊन जाते थे. मशीनचं काई लग्न होत नाई." अख्खा हॉल हसला.

मग मला राहवेना. मी उठलो आणि भाषणच ठोकलं. म्हटलं, लोकहो, डॉक्टरने सांगितलं की पेशंट अर्धं ऐकतो, पण स्वतःच्या डोळ्याने आपली दाढ पडद्यावर पाहिली की पूर्ण ऐकतो. आपलं अर्धं आयुष्य फाइली शोधण्यात गेलं, उरलेलं तरी पेशंटशी बोलण्यात घालवू. टाळ्या पडल्या. पुण्याच्या बाई एकदम खूश. म्हणाल्या, "सर, मग पहिलं प्रात्यक्षिक तुमच्यावरच करू या ना!"

मी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि "हॅलो, हां, बोला" करत थेट पार्किंगमध्ये गेलो. फोन कुणाचाही नव्हता. परत आलो तेव्हा पडद्यावर बल्लारपूरच्या बाईंच्या दाढा दिसत होत्या आणि सगळ्या हिरव्या होत्या.

दवाखान्यात मशीन सुरू झालं आणि आठवडाभर जत्रा भरली. दात दुखत नसलेले लोकसुद्धा फोटो काढायला येऊ लागले. पाचव्या दिवशी सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवणारा एक धिप्पाड माणूस आला. कॅमेरा गालापाशी गेला आणि पडद्यावर लिंबाएवढी लाल चौकट उमटली. आमची असिस्टंट बाई किंचाळली. मॅडम दुसऱ्या पेशंटला तसंच आ करून ठेवून धावत आल्या. ट्रकवाला शांतपणे म्हणाला, "काई नाई मॅडम, खर्रा हाय." त्याने बोट घालून गालातला तोबरा काढला, खिशातल्या पन्नीत परत बांधला आणि ती पन्नी खिशात ठेवली. वाया कशाला घालवायची! पुन्हा फोटो काढला तर लाल चौकट गायब. मॅडम त्याच्यावर इतक्या चिडल्या की त्याने जाताना दोनदा माफी मागितली.

त्या दिवसापासून मी नियम केला: फोटोच्या आधी तीन चुळा, आणि तिसरी चूळ माझ्यासमोर. कंपनीला फोन करून कळवलं की तुमच्या मशीनला खर्रा ओळखता येत नाही. पुण्याच्या बाई म्हणाल्या, अशी तक्रार अजून कुठूनच आली नाही. म्हणजे खर्रा म्हणजे काय हे मलाच समजवावं लागलं. सुपारी कशी कातरतात, चुना किती, किती वेळ घोटला की ओलसर होतो, रंग कसा येतो, सगळं सांगितलं. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला फारच बारीक माहिती आहे." मी म्हटलं, "कामाचा भाग आहे."

आठवण करून देणाऱ्या फोनचंही तसंच. मशीन आदल्या दिवशी पेशंटला आपोआप फोन लावायचं, पण त्यातला आवाज म्हणायचा, "आपली भेट निश्चित झाली आहे." लोकांना वाटायचं कर्ज देणाऱ्या कंपनीचा फोन आहे, ते ठेवून द्यायचे. मग मी स्वतःच्या आवाजात भरलं, "उद्या दाताच्या दवाखान्यात याचं हाय बरं, सकाळच्या बसनं येजा, म्हंजे लवकर मोकळं करू." दुसऱ्याच दिवशी बाक भरलं. एका आजीबाईंनी तर रेकॉर्डिंगशी पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि दवाखान्यात आल्यावर माझ्यावर रागावल्या की मी विचारलं तर उत्तरच देत नव्हता तुम्ही. मी इतका आनंदात होतो की त्यांचीही माफी मागितली. मशीनला आमचं गाव शिकवायला मजा येत होती. रोज काहीतरी नवीन चुकायचं आणि रोज मी त्यावर तोड काढायचो.

मॅडम मात्र सुरुवातीला बिचकून होत्या. "भाऊ, मशीन सुचवेल, निदान मी करेन," असं त्या रोज म्हणायच्या, जणू मी मशीनला डॉक्टरकीचा झगा घालायला निघालो होतो. हळूहळू त्यांचाही विश्वास बसला आणि मग एका सकाळी त्यांनी फर्मान काढलं: आधी आपल्या सगळ्या स्टाफचे फोटो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नोंद हवी.

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. असिस्टंट बाईंचे दात म्हणजे मोत्यांची ओळ. मी त्यांचा फोटो काढला, मग म्हटलं, "बाई, हात हलला, आणखी एक." तो दुसरा फोटो मी माझ्या नावावर टाकला. हिरवा. मॅडमनी संध्याकाळी नोंदी पाहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं तोंड तर आपल्यात नंबर एक आहे!" मी हसलो. दोन बोटांचं तोंड जेवढं हसू शकतं तेवढं हसलो. घरी जाताना पानठेल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो.

महिन्याभराने आम्ही मशीन घेऊन गावात शिबिराला गेलो. मोठ्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, काठचं गाव, बरीचशी ढिवरांची घरं. मासे धरायचे, थोडी धानाची शेती, नाहीतर मजुरी. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबलं मांडली. लोकांना नीट दिसावं म्हणून मी दवाखान्यातला टीव्ही उचलून आणला होता आणि टॅबलेट त्याला जोडला होता. म्हणजे एकाच्या तोंडातलं सगळ्या गावाला दिसावं, ही कल्पना माझीच. तारा जोडताना मी शीळ घालत होतो.

रांगेत पहिली होती एक मासे विकणारी बाई, पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. रोज सकाळी चंद्रपूरच्या बाजारात टोपली घेऊन येणारी. तिने तीन चुळा भरल्या, पण खुर्चीत बसायच्या जागी ती माझ्याकडे बघत उभीच राहिली.

"बसा ना बाई," मी म्हटलं.

"आधी तुमचावाला काढा."

"माझा झालाय. हिरवा आहे. मॅडमना विचारा."

"मले तुमी रोज दिसता," ती म्हणाली. "बाजारात जाताना. पानठेल्यावर, हातावर घोटून राह्यले असता." तिने आवाज अजिबात खाली घेतला नाही. "मी मासा इकतो तवा गिऱ्हाइकानं म्हणाच्या आधी कल्ला उघडून लाल दाखोतो. तुमी त सगळ्या दुनियेचा कल्ला उघडून पाह्यता, अन् आपला काऊन बंद ठेवता भाऊ?"

रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत प्रश्न होता. मी मॅडमना बावीस वर्षं ओळखतो, त्यांच्या वडिलांच्या वेळी मी इथे लागलो. त्यांच्यासमोर खोटं बोलायचं बळ त्या क्षणी माझ्यात उरलं नव्हतं. पळायला पार्किंगही नव्हतं. मी खिशातल्या लवंगा टेबलावर ठेवल्या, तीन चुळा भरल्या आणि खुर्चीत बसलो.

कॅमेरा मॅडमनी स्वतः धरला. माझं तोंड जेमतेम उघडलं आणि कॅमेरा तिरका करून आत घालावा लागला. टीव्हीवर माझा गाल आला. पण चौकट यायच्या आधी मशीनने भलतंच विचारलं. पडद्याच्या एका बाजूला असिस्टंट बाईंचे मोत्यासारखे दात, दुसऱ्या बाजूला माझे विटकरी रंगाचे, आणि मधोमध मराठीत ठळक अक्षरात: "आधीच्या फोटोशी जुळत नाही. रुग्ण तोच आहे का?" खाली दोन बटणं. हो. नाही.

अख्खं गाव वाचत होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते. असिस्टंट बाईंनी आपले दात ओळखले आणि कपाळाला हात लावला.  मॅडमनी टॅबलेट माझ्यासमोर धरला, बटण मीच दाबावं म्हणून. मी "नाही" दाबलं. मग मशीनने आपलं काम केलं आणि डाव्या गालावर, नेमकी जिभेला खरखर लागायची तिथे, लाल चौकट आली.

तिसरी चूळ मी भरलेली होती. हा खर्ऱ्याचा तोबरा नव्हता.

मॅडमनी हातमोजे घातले, बोटाने गाल चाचपला, मग माझीच बोटं माझ्या तोंडात उभी धरायला लावली. "दोन," त्या म्हणाल्या. "कधीपासून?" मी सांगितलं, तिखटाने गालाला आग होते तेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी तुकडा काढू आणि तपासायला पाठवू." मी भयंकर घाबरलो. पण खोटं सांगत नाही, त्या भीतीच्या खाली कुठेतरी मला हलकंही वाटत होतं. दोन वर्षं एकट्याने बाळगलेली गोष्ट आता भर व्हरांड्यात टीव्हीवर होती आणि मला लपवायला काही शिल्लक नव्हतं.

मासेवाल्या बाई मग खुर्चीत बसल्या. त्यांची चौकट पिवळी आली. एका मोडक्या दाढेची धार जिभेला लागत होती. मॅडमनी तिथल्या तिथे ती घासून गुळगुळीत केली. त्यांच्या मागे सगळी रांग निमूट चुळा भरत पुढे सरकली. एरवी शिबिरात निम्मे लोक खुर्ची बघून पळतात. त्या दिवशी कुणी पळालं नाही. मॅनेजरचंच एवढं बाहेर आलं, मग आपलं काय लपवायचं, असं त्यांना वाटलं असावं.

तुकडा नागपूरला गेला. उत्तर यायला आठ दिवस लागले. पहिल्याच रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. घरी आम्ही हिंदीच बोलतो, आणि तिच्या हिंदीत त्या रात्री जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळ्यात जास्त राग तिला कशाचा आला, तर माझ्या ॲसिडिटीपायी दोन वर्षं तिनेही बिनमिरचीचा रस्सा खाल्ला होता. बोलून झाल्यावर ती उठली, खाली गेली, स्कूटरच्या डिक्कीतली पुडी काढून नालीत टाकली आणि वर येऊन माझ्या शेजारी रडत बसली. मीही रडलो.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. मॅडमनी तो दोनदा वाचून दाखवला. पांढरा चट्टा आहे, पेशी बिघडायच्या वाटेवर होत्या, वेळेत सापडलं. चट्टा काढून टाकू. खर्रा पुन्हा खाल्लात तर माझ्या दवाखान्यात पाय ठेवू नका, आणि जखम भरली की तोंड उघडायचा व्यायाम. मी केबिनमधून बाहेर आलो आणि बाकावरच्या अनोळखी पेशंटला मिठी मारली. त्याची दाढ सुजली होती, तो कळवळला.

व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. त्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि जमेल तेव्हा एक काडी वाढवायची. जास्त घुसवली तर डोळ्यांतून पाणी येतं. खर्रा सोडतानाचे पहिले पंधरा दिवस मी घरात कुत्र्यासारखा गुरगुरत फिरलो, हेही सांगून टाकतो. पण दर महिन्याला माझा फोटो निघतो आणि मशीन जुना-नवा शेजारी शेजारी ठेवतं. असिस्टंट बाईंचा तो हिरवा फोटो मॅडमनी माझ्या नोंदीतून पुसलेला नाही. त्याच्यावर मीच शेरा लिहिला आहे: "हे तोंड माझे नाही."

आता दुसऱ्या दवाखान्यांचे मॅनेजर मला फोन करून विचारतात, मशीन घ्यावं का, स्टाफ बिथरेल का, पेशंट घाबरतील का. मी म्हणतो, घ्या, डोळे मिटून घ्या, फक्त पहिला फोटो स्वतःचा काढा, आणि तोही टीव्हीला जोडून. त्यांना वाटतं मी गंमत करतोय.

गेल्या रविवारी सकाळी मी बाजारात गेलो होतो. मासेवाल्या बाईंनी मला लांबूनच पाहिलं. त्यांनी एक रोहू उचलला, त्याचा कल्ला वर करून आतलं लाल मला दाखवलं आणि हनुवटीनेच खूण केली, आता तुमचा. आजूबाजूला गिऱ्हाइकांची ही गर्दी. मी पिशवी खाली ठेवली आणि बाजाराच्या मधोमध उभा राहून मोठ्ठा आ केला. त्यांनी टोपलीवरून वाकून आत पाहिलं आणि तीन बोटं वर करून भुवया उडवल्या.

"नाई अजून," मी म्हटलं. "अडीच."

"हाव मंग," त्या म्हणाल्या आणि रोहू तोलायला घेतला. "जास्तीची मिरची टाकून करजा."